पावसाचे गणित आणि फाशांचे गणित

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्रीसिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. होम मैदानावर होमप्रदीपनाचा विधी आटोपला की त्याच रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले एक वासरू मानकऱ्यांसमोर आणतात, त्याच्यापुढे धान्य आणि चारा मांडतात. ते कशाला तोंड लावते, कशाकडे पाठ फिरवते, मलमूत्र विसर्जन करते की नाही, बिचकते की शांत उभे राहते, यांवरून येत्या वर्षाचे पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगितले जातात. दुसऱ्या दिवशी ती भाकणूक वृत्तपत्रांतून छापून येते आणि ती वाचल्यावाचून राहणारा शेतकरी विरळाच. सुशिक्षितांनी हसावे असे या प्रथेत काही नाही. ज्या जिल्ह्यात पावसाची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि रब्बीच्या ज्वारीचे सारे भवितव्य उत्तरा-हस्ताच्या पावसावर, त्या जिल्ह्याने ‘यंदा पाऊस पडेल काय’ हा प्रश्न देवाला, पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाला, वासराला आणि अलीकडे वेधशाळेला विचारीत राहावे हे स्वाभाविकच आहे.

मात्र हा प्रश्न एका वर्षाचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच यावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. गणिताची एक शाखा अशी आहे की, ती या प्रश्नाला उत्तर देण्याचे साफ नाकारते आणि त्याच्या जागी दुसराच प्रश्न मांडते: अशी शंभर वर्षे घेतली तर त्यांतली किती कोरडी जातील? या शाखेला आपण संभाव्यताशास्त्र म्हणतो. विम्याचा सारा व्यवहार तिच्यावर उभा आहे. आयुर्विमा असो की पीकविमा, हप्ता किती घ्यावा आणि गंगाजळीत किती रक्कम राखून ठेवावी हे ठरविणाऱ्या विमागणितीला, म्हणजे इंग्रजीत ज्याला ॲक्च्युअरी म्हणतात त्याला, वासरासमोर उभे राहण्याची सोय नसते.

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाचे आकर्षण आपल्याकडच्या हुशार मुलामुलींना वाटू लागले आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या विमागणितींच्या संस्थेला २००६ च्या कायद्याने वैधानिक स्वरूप मिळाले. तिची प्रवेश परीक्षा आणि नंतरच्या परीक्षांची लांबलचक शिडी आता सोलापुरातल्या पालकांच्याही कानावर गेली आहे. या शिडीच्या पहिल्या पायऱ्यांवरच संभाव्यता आणि संख्याशास्त्र ठाण मांडून बसलेले आहेत. किती पगार मिळतो, कोणता क्लास चांगला, किती वर्षे लागतात, यांविषयीचे मार्गदर्शन उदंड आहे. त्यात भर घालण्याचा येथे हेतू नाही. हा विषय आपल्याकडे कसा शिकला जातो आणि कोणासाठी शिकला जातो, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला संभाव्यता प्रथम भेटते ती दहावीच्या गणितात. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना असे नेटके आणि अर्थवाही शब्द तेथे त्याच्या ओळखीचे होतात. ‘निष्पत्ती’ हा शब्द ज्याने योजला त्याला दाद दिली पाहिजे. त्यात घडून आलेल्या गोष्टीचे तटस्थपण आहे, तिच्या बरेवाईटपणाचा भार नाही. परंतु पुढच्याच वर्षी विज्ञान शाखेत गेलेला हा विद्यार्थी इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे बसतो आणि वर्षभरात कमावलेले शब्द गाठोडे बांधून माळ्यावर टाकतो. पुढे सूत्रे येतात, आणि त्यांच्या जोडीला फासे, नाणी, पत्ते व पिशवीतले रंगीत चेंडू. पदवी मिळेपर्यंत तो हजारो वेळा कल्पनेतला फासा टाकतो. आपल्या गावच्या पर्जन्यमापकाची एकही नोंद मात्र पाहत नाही.

फाशांना कमी लेखावे असे नाही. आपल्या परंपरेत तर फासे आणि अंदाज यांची गाठ फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर पाने किती व फळे किती हे सांगून टाकतो. सारथ्याच्या वेषातला नल रथ थांबवितो, फळे मोजतो आणि चकित होतो. ही विद्या कोणती, असे विचारल्यावर ऋतुपर्ण सांगतो की, आपण अक्षहृदय जाणतो, म्हणून संख्येतही आपल्याला गती आहे. द्यूतात राज्य घालवून बसलेला नल अश्वविद्येच्या बदल्यात ती विद्या घेतो. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेची खुमारी वाढते. थोडक्यावरून सर्वांचा अंदाज बांधणे आणि फाशाचे मर्म जाणणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे त्या कथाकाराला दिसले होते. पुढे भास्कराचार्यांनी लीलावतीत अंकपाशाचे प्रकरण लिहून क्रमचयांची गणनाही शिकवली. तरीही संभाव्यतेचे शास्त्र येथे जन्मले नाही. ते १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून फ्रान्समध्ये अवतरले, आणि जेमतेम चाळीस वर्षांत, १६९३ साली, हॅलीने ब्रेस्लाव शहरातील मृत्यूंच्या नोंदींवरून वार्षिकीची किंमत कशी काढावी ते दाखविले. मृत्यूंची वयवार नोंद ठेवणारे गाव आणि ती नोंद वाचणारा गणिती यांची भेट तेथे झाली. आपल्याकडे ती होण्यास फार काळ जावा लागला.

फाशाच्या शिक्षणात एक खोच आहे, आणि माझ्या मते आपल्या अध्यापनाचा सर्वांत मोठा दोष तेथेच आहे. एक फासा दुसऱ्या फाशाकडे पाहत नाही. पहिल्यावर सहा पडले म्हणून दुसऱ्यावर सहा पडण्याची शक्यता वाढतही नाही आणि घटतही नाही. या गुणाला परस्परनिरपेक्षता म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत येतो: ‘या घटना निरपेक्ष आहेत असे मानू’. विद्यार्थी मानतो, संभाव्यतांचा गुणाकार करतो आणि पुढे जातो. अशी शेकडो उदाहरणे सोडविल्यावर त्याला वाटू लागते की, जगातल्या साऱ्याच गोष्टी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.

सोलापूरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात क्षणभर डोकवावे. मागावरचा ताण्याचा धागा अधूनमधून तुटतो. तो केव्हा तुटेल हे सांगता येत नाही, पण एका पाळीत सरासरी किती वेळा तुटतो हे कामगाराला पक्के ठाऊक असते, आणि एका माणसाने किती माग सांभाळावेत याचा हिशेब त्यावरच बसतो. चादरीच्या एका मागावरचा धागा तुटला म्हणून शेजारच्या मागावरचा तुटत नाही. येथवर फाशाचे गणित चालते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत हवेतला ओलावा उतरला की, सूत कोरडे पडून ठिसूळ होते आणि एकाच दुपारी सगळ्याच मागांवर धागे तुटू लागतात. चार माग सांभाळणारा माणूस तेव्हा एकाही मागाला पुरा पडत नाही. धागे एकमेकांशी बोलत नसतात. पण त्या सर्वांच्या डोक्यावर एकच हवा असते. निरपेक्षता म्हणजे काय आणि ती कशी मोडते, हे शिकविण्यास याहून चांगली प्रयोगशाळा कोणत्या विद्यापीठाने बांधावी?

आयुर्विमा फाशाच्या बाजूचा आहे. समजा, दहा हजार माणसांनी प्रत्येकी एक लाखाचा विमा उतरविला आणि त्या वयाच्या माणसाला वर्षभरात मृत्यू येण्याची संभाव्यता दोनशेत एक आहे. वर्षाला सरासरी ५० मृत्यू अपेक्षित. म्हणजे खर्च व नफा सोडून दरमाणशी हप्ता ५०० रुपये. प्रत्यक्षात ५०च मृत्यू होतील असे मुळीच नाही. पण हे मृत्यू परस्परनिरपेक्ष असतील तर प्रमाण विचलन सातच्या आसपास येते, आणि बहुतेक वर्षी मृतांची संख्या ३६ ते ६४ च्या दरम्यान राहते. विमेदारांची संख्या दहापट केली तर सरासरीच्या भोवतीची ही वरखाली शेकडा चौदांवरून शेकडा साडेचारांवर उतरते. याकोब बर्नुलीच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातला मोठ्या संख्यांचा नियम तो हाच. एकेका माणसाविषयी काहीही ठाऊक नसताना जमावाविषयी जवळजवळ सर्व काही ठाऊक असणे, हे या शास्त्राचे सामर्थ्य आहे.

त्या जमावात कोणाला घ्यावयाचे, हा प्रश्न मात्र शुद्ध गणिताचा कधीच नव्हता. गेल्या शतकाआधी परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरविताना त्याच्याकडून अधिक हप्ता घेत. हिंदी माणसाला सामान्य दराने विमा देणारी बॉम्बे म्युच्युअल १८७० मध्ये मुंबईत निघाली आणि १८७४ मध्ये ओरिएंटल. याच ओरिएंटलच्या १९२५ ते १९३५ या काळातील अनुभवावरून बांधलेले मृत्युमानाचे कोष्टक पुढे दीर्घकाळ देशातल्या आयुर्विम्याचा पाया बनले. १९५६ च्या जानेवारीत चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या हाती देशी माणसांच्या मृत्यूंचे देशी कोष्टक होते. आयुष्यांच्या बाबतीतही निरपेक्षता मोडते, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने आणि २०२०-२१ च्या करोनाने दाखविले. तथापि ते अपवाद होते.

आता तेच गणित सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीला लावून पाहू. पुन्हा दहा हजारच विमेदार घेऊ, या वेळी शेतकरी. प्रत्येकाचे पीक पाच वर्षांतून एकदा बुडते असे समजू. म्हणजे वर्षाला सरासरी दोन हजार शेतकऱ्यांना भरपाई द्यावी लागेल. त्यांचे नशीब फाशांसारखे निरपेक्ष असते, तर प्रमाण विचलन अवघे ४० आले असते. विमा कंपनीने डोळे मिटून धंदा केला असता. दुसऱ्या टोकाला अशी कल्पना करा की, सर्वांचे पीक एकाच पावसावर आहे. मग चार वर्षे भरपाई शून्य आणि पाचव्या वर्षी एकदम दहा हजार. सरासरी तीच, दोन हजार. पण प्रमाण विचलन चार हजार. सत्य या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी आहे. परंतु ‘मध्ये’ या शब्दाने फसू नये. दोन शेतकऱ्यांच्या नशिबातला सहसंबंध केवळ एक दशांश धरला तरी प्रमाण विचलन ४० वरून सुमारे १,२६५ वर जाते, तीसपटीहून अधिक. शिवाय शेतकरी दहा हजारांचे दहा लाख केले तरी सरासरीच्या तुलनेतली ही अनिश्चितता हटत नाही. मोठ्या संख्येचा आधारच निसटतो. हे सूत्र सोडविण्यास पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित पुरते. ते एकदा स्वतःच्या हाताने सोडवून पाहिलेल्या विद्यार्थ्याला ‘निरपेक्ष आहेत असे मानू’ या ओळीवरून पुन्हा कधी सहज पुढे जाववणार नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या अंगाने वाचण्याचा मोह आवरत नाही. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली, कारण भूक एकाच वेळी सर्वांना लागलेली होती. अंशतः भरपाई, टप्प्याटप्प्याने वाटप, असले काही तेथे शक्यच नव्हते. कोठार बुडाले, आणि बेदरच्या दरबारी त्याची किंमत भरावयास प्रत्यक्ष विठ्ठलाला विठू महाराच्या रूपाने जावे लागले. आजच्या परिभाषेत त्याला पुनर्विमा म्हणतात. स्थानिक संकट ज्याला स्थानिक वाटत नाही, असा मोठा आणि दूरचा धनी त्यासाठी लागतो. कोरडवाहू शेतीचा विमा सरकारी अनुदानाशिवाय आणि दूरदेशीच्या पुनर्विमेकऱ्यांशिवाय का उभा राहत नाही, याचे उत्तर भक्तांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

प्रयोग मात्र पुष्कळ झाले. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० साली पर्जन्यमापकाच्या नोंदीवर आधारलेल्या शेतीविम्याची योजना पुस्तकरूपाने मांडली होती. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७२ साली, महाराष्ट्र होरपळत असतानाच, गुजरातेत एच-४ कापसापासून एकेका शेतकऱ्याच्या पिकाचा स्वतंत्र विमा उतरविण्यास प्रारंभ झाला. पुढे तो प्रयोग महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत नेला. काही वर्षांत ३,११० शेतकऱ्यांकडून ४ लाख ५४ हजारांचा हप्ता जमला आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजारांची. एकेका शेताची पाहणी, एकेका शेतकऱ्याचा दावा आणि त्यातले खरेखोटे, हे ओझे कोणालाच पेलणारे नव्हते.

येथे वि. म. दांडेकरांचे नाव घेतले पाहिजे. साताऱ्यात १९२० साली जन्मलेले, कलकत्त्यास महालनोबिसांकडे संख्याशास्त्र शिकलेले आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आयुष्य घालविलेले दांडेकर महाराष्ट्राला माहीत आहेत ते नीलकंठ रथांसमवेत केलेल्या दारिद्र्यावरील अभ्यासामुळे. परंतु १९७६ साली त्यांनी पीकविम्यावर जो निबंध लिहिला, त्याचा परिणाम अधिक दूरवर गेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एकाच प्रकारच्या जमिनीच्या आणि हवामानाच्या टापूतले शेतकरी एकत्र बुडतात व एकत्र तरतात, मग एकेकाचे शेत तपासावयाचे कशाला? टापूचे सरासरी उत्पन्न मोजा, ते ठरावीक उंबरठ्याखाली गेले तर टापूतल्या सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या, आणि टापूंची जोखीम देशभर व अनेक वर्षांवर पसरवा. ज्या सहसंबंधाने विमा कंपनीचे कंबरडे मोडले होते, त्याच सहसंबंधाला त्यांनी मोजमापाची सोय करून घेतले. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांचा कणा हाच क्षेत्रविचार आहे.

टापूचे सरासरी उत्पन्न मोजावयाचे कसे, याचे उत्तरही एका मराठी माणसानेच दिले होते. खटाव तालुक्यातील बुध या गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून १९३६ साली पीएच. डी. घेऊन परतले आणि त्यांनी पीककापणी प्रयोगांची पद्धत देशभर बसवून दिली. यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकावरून गाव निवडावे, शेत निवडावे, शेतातला कोपराही तसाच निवडावा, तेथे ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापावे, मळावे आणि तोलावे. त्या कोष्टकाचा जनक टिपेट हा इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांच्या संशोधनसंस्थेतला संख्याशास्त्रज्ञ होता, हे सोलापूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. तुकडा केवढा असावा यावर सुखात्मे आणि महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. लहान तुकडा आखला की सीमारेषेवरची ताटे कापणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी ही लबाडी प्रमाणाने मोठी. म्हणून लहान तुकड्यावरून उत्पन्न फुगून दिसते, असे सुखात्म्यांनी दाखविले. वरवर क्षुल्लक वाटणारा हा वाद आज शेतकऱ्याच्या खिशाशी जाऊन भिडला आहे. उत्पन्न फुगून दिसले की विमा मिळत नाही.

सांगोल्याकडच्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकाला काही काळापूर्वी एक प्रश्न विचारला होता. विमागणिताच्या पहिल्या दोन विषयांचा त्याचा अभ्यास चांगला होता. कोणतेही वितरण सांगावे आणि त्याने पटकन त्याची सरासरी व प्रसरण काढून दाखवावे. सुटीत घरी गेला असता वडिलांनी त्याला विचारले की, आपली ज्वारी बुडाली, शेजारच्या मंडळातल्या लोकांना विमा मिळाला, आपल्याला का नाही? त्याला उत्तर देता आले नाही. आपण इतकी वर्षे जे शिकतो आहोत ते हेच आहे, याची त्याला कल्पनाच नव्हती.

त्याला कागदावर पुढील हिशेब मांडून दाखविला. समजा, मंडळाचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न क्विंटलमध्ये ६, ९, ४, ८, ७, १० आणि ५ असे आहे. योजनेच्या नियमाप्रमाणे यांतली उत्तम पाच वर्षे घ्यावयाची. त्यांची सरासरी ८. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा उत्पन्न ५.६. यंदा मंडळात दहा पीककापणी प्रयोग झाले आणि त्यांची सरासरी ५.८ आली. उंबरठ्याहून ती जास्त आहे. सबब भरपाई शून्य. परंतु एका तुकड्याचे उत्पन्न दुसऱ्यापेक्षा सहज अडीच क्विंटलांनी कमीअधिक असते. तसे असेल तर दहा तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.८ येते. मोजणीतच एवढी ढिलाई असताना ५.६ आणि ५.८ यांतला फरक कितपत खरा मानावा? ढोबळ हिशेबाने, मंडळाचे खरे उत्पन्न उंबरठ्याखाली असण्याची शक्यता शंभरात चाळीस निघते. म्हणजे कोणी लबाडी केलेली नसतानाही, जवळजवळ नाणे उडवून त्या मंडळाचा निकाल लागला. विद्यार्थी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, पण हे तर परीक्षेतच आहे.”

डाळिंबाची गोष्ट याहूनही बिकट. फळपिकांचा विमा उत्पन्नावर नसून हवामानावर आहे. महसूल मंडळातल्या केंद्राने पाऊस, तापमान वा आर्द्रता यांचे ठरविलेले आकडे ओलांडले तर भरपाई. मोजणीचा वाद त्यामुळे मिटला, पण दुसरा उभा राहिला. सोलापूरचा परतीचा पाऊस शिंगाच्या एका बाजूला पडतो आणि दुसरी कोरडी राहते, असे गमतीने म्हणतात. केंद्रावर पाऊस आणि बागेत कोरड, किंवा बागेत गारपीट आणि केंद्रावर स्वच्छ ऊन, हे येथे नित्याचे आहे. शेतकऱ्याचे नुकसान आणि केंद्राचा आकडा यांच्यातला सहसंबंध किती, यावरच या विम्याची खरी किंमत ठरते. आणि तो आकडा माहितीपत्रकात छापलेला नसतो. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याचा पीकविम्यातला हिस्सा एक रुपया होता, तेव्हा हे विचारण्याची कोणास निकड वाटली नाही. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली. खरिपास दोन टक्के, रब्बीस दीड आणि नगदी पिकांस पाच टक्के भरावे लागू लागले. पैसे मोजणारा माणूस प्रश्नही मोजून विचारतो.

या प्रश्नांची उत्तरे मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या विमागणितीला ठाऊक नसतात असे नव्हे. परंतु त्याच्यापुढे शेकडो मंडळांचे रकाने असतात. जत आणि सांगोला यांतला फरक त्याला आकड्यांतूनच दिसणार. सात वर्षांच्या सात आकड्यांवरून एखाद्या मंडळाची जोखीम ठरविणे म्हणजे धाडसच. तेवढ्यावरच विसंबावे तर एखाद्या अतिवृष्टीने वा अवर्षणाने हिशेब उधळतो. सबंध जिल्ह्याची सरासरी लावावी तर उजनीच्या लाभक्षेत्रातल्या गावाचे आणि माणदेशाच्या कडेवरच्या गावाचे एकच माप होते. मंडळाच्या अनुभवाला किती वजन द्यावे आणि जिल्ह्याच्या अनुभवाला किती, हे सांगणारा विश्वासार्हतेचा सिद्धांत विमागणिताच्या अभ्यासक्रमात आहे. त्याचे मूळ ज्या विचारात आहे, त्या विचाराचा, म्हणजे संभाव्यता हे वारंवारतेचे प्रमाण नसून वाजवी विश्वासाचे माप आहे या मताचा, मोठा पुरस्कर्ता केंब्रिजचा हॅरल्ड जेफ्रीज. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे त्याचेच शिष्य, आणि पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचा विभाग उभा करणारेही तेच. ही विद्या महाराष्ट्रात येऊन सत्तर वर्षे झाली. ती भीमेच्या खोऱ्यात उतरण्यास एवढा वेळ का लागावा?

योगायोग असा की, कोल्मोगोरोव्हने ज्या १९३३ साली संभाव्यतेला तिची आजची तर्कशुद्ध बैठक दिली, त्याच वर्षी सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. पहिल्याचे नाव आपला पदवीधर परीक्षेत लिहितो. दुसऱ्याच्या फाटकावरून तो रोज बसने जातो. तेथील आणि वेधशाळेतील पावसाच्या नोंदी म्हणजे आमचे ब्रेस्लाव आहे. २००४ पासून सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ आहे. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या सप्टेंबरच्या पावसाचे निदान तीस वर्षांचे आकडे स्वतः उतरवून घ्यावेत, त्यांवर वितरण बसवून पाहावे, शेजारच्या तालुक्याशी सहसंबंध काढावा आणि एका काल्पनिक विम्याचा हप्ता ठरवावा, एवढे जरी अभ्यासक्रमात आले तरी फाशांची निम्मी उदाहरणे रद्द करता येतील. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. नोंदी मिळविण्यासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतील, एवढेच. आणि तोही या व्यवसायाच्या शिक्षणाचाच भाग समजावा. जो मुलगा असे शिकून पुढे मुंबईच्या कंपनीत जाईल तो तेथेही उजवा ठरेल. जो गावी राहील तो ग्रामसभेत उभा राहून कापणीचे तुकडे कोणत्या सर्व्हे नंबरात पडले आणि ते कोणत्या कोष्टकावरून निवडले, असे विचारू शकेल.

तो सांगोल्याचा विद्यार्थी पुढच्या सुटीत तालुक्याच्या पावसाच्या नोंदी घेऊन बसला. तीस वर्षांच्या सप्टेंबरांपैकी नऊ सप्टेंबर रब्बीच्या पेरणीला पुरेसे नव्हते, असे त्याच्या हिशेबात निघाले. दहांत तीन, असे त्याने वडिलांना सांगितले. वडिलांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग यंदाचं साल त्या तिनांतलं का सातांतलं, ते सांग की.” मुलगा गप्प राहिला. त्या वर्षी त्यांनी दोन वाटे ज्वारी पेरली आणि तिसरा वाटा हस्ताची वाट पाहत हरभऱ्यासाठी मोकळा ठेवला.